सुटकेचे तीन ठोके

परवा दुपारी आमच्या घरात चकलीची भाजणी चालली होती. भाजत होती माझी नात, मृणाल. मी ओट्याशेजारी खुर्ची टाकून नुसतं नाक चालवत होते. इतक्या दिवाळ्यांनंतर डोळ्यांना दिसो न दिसो, डाळ कधी उतरवायची ते नाकाला कळतं. तांदूळ झाले, चण्याची डाळ गुलाबी होत आली, आणि एकाएकी घरातले दोन्ही फोन किंचाळले. किंचाळलेच म्हणते मी, वाजले म्हणण्यासारखा तो आवाज नव्हता. शेजारच्या घरातून तोच आवाज, खालच्या मजल्यावरून तोच. सगळ्या इमारतीच्या पोटात एकदम कळ यावी तसा.

"आजी, टेस्ट आहे गं, टेस्ट!" मृणाल झारा हातात धरून ओरडली. "वादळबिदळ येणार असलं की असा अलार्म वाजणार आहे म्हणे. आज नुसती चाचणी." मग तिनं मान वळवून खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत मी नव्हतेच. काठी खुर्चीला टेकलेली आणि मी दाराशी. कडी काढून, दार सताड उघडून, चौकट धरून उभी.

"अगं, पण तू दार कशाला उघडलंस?"

आता हिला काय सांगू?

दारावरून मला घरात रोजचीच बोलणी बसतात. मुलगा म्हणतो, आई, आधी भोकातून बघ, नाव विचार, मग उघड. मी हो म्हणते. पण बाहेरून कुणाची हाक आली की माझा हात आधी कडीवर जातो, ‘कोण’ म्हणून विचारायचं मागाहून सुचतं. एकदा पाण्याचं यंत्र विकणारा एक जण तासभर बसून चहा पिऊन गेला. सूनबाई म्हणाली, "आई, उद्या चोर आला तर त्यालाही या म्हणाल तुम्ही." म्हणेन बाई. चोर परवडला.

तर ती भाजणी. आश्विनातला तो उकाडा, अंगाला चिकटणारा, आणि त्यात डाळ भाजल्याचा वास. कुणाला त्या वासानं दिवाळी आठवते. मला एक बंद दार आठवतं. दरवर्षी आठवतं, पण एवढी वर्षं निदान फोन तरी गप्प बसायचे.

आता आमची इमारत आहे तिच्या मागच्याच अंगाला, प्रभादेवीला, आमची चाळ होती. दुमजली, लाकडी गॅलरीची. मी लग्न होऊन मालवणाकडून आले ती थेट वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. समोर अंगण, अंगणापलीकडे बैठी चाळ, पत्र्याची, दहाएक खोल्यांची. तिच्या मागे माडांची वाडी आणि माडांच्या मागे समुद्र. आमचे हे मिलमध्ये, सुलूचा नवरा दत्ताराम त्याच खात्यात. दोघं पाळीवरून आले की केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. सुलू म्हणायची, "आमचे घोव बघ गो, जातत काळे नि येतत पिकलेले." घोव म्हणजे नवरा, आमच्या बोलीत. ही सुलू बैठ्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत राहायची. माझ्याच वयाची, माझ्याच मुलखातली, आणि हसायला लागली की थांबायची नाही. विहिरीवर हसली की इकडे माझ्या खोलीत ऐकू यायचं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. भिंतीभिंतींवर चुन्यानं, डांबरानं लिहिलेलं असायचं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. मी अक्षरं शिकले ती त्या भिंतींवरून. ‘झालाच’मधला ‘च’ मला पहिला ओळखू आला, आणि त्या आनंदात मी सुलूला दुकानांच्या पाट्यांवरचे सगळे ‘च’ दाखवत हिंडले होते. पुढे पेपर वाचायला लागले. अडखळत, बोट ठेवून. पण वाचायचे काय? मोर्चा कुठं, सभा कुठं, कुणाला पकडलं, कुणाला सोडलं. बाकीचा पेपर माझ्या लेखी कोराच.

त्याआधी गोळीबार होऊन गेलेले होते. माणसं मेली होती. रस्त्यावर मेली तशी घराच्या खिडकीत उभी असलेलीही मेली, असं गिरणगावातून ऐकू यायचं. खरंखोटं करायला कोण जाणार? भीती मात्र प्रत्येक घरात जेवायला बसलेली असायची. मग बायकांनी ठरवलं. माझ्या गॅलरीच्या कोपऱ्यातून थेट नाक्यापर्यंतचा रस्ता दिसायचा, म्हणून पहारा माझ्याकडे. पोलिसांची गाडी वळताना दिसली की मी पितळेच्या थाळीवर लाटणं बडवायचं, न थांबता. थाळी वाजली की सगळ्यांनी आत. दार लावायचं, कडी घालायची, खिडकीपासून लांब, भिंतीला चिकटून जमिनीवर आडवं पडायचं. गोळी वरून जाते, खाली पडलेल्याला लागत नाही, असं कुणीतरी सांगितलं होतं आणि आम्ही ते धरून बसलो होतो. गाडी निघून गेली की सुटकेची थाळी. तीन ठोके, संथ, थांबून थांबून. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. मग दारं उघडायची, हसू, खोकला, कुणाचं दूध उतू गेलेलं, कुणाचा भात लागलेला.

चार-पाच वेळा तरी मी ती थाळी वाजवली असेल. खोटं कशाला बोलू, मला त्याचा मान वाटायचा. अशिक्षित बाई मी, पण माझ्या एका लाटण्यावर शंभर माणसं उठत-बसत होती.

फक्त सुलू ऐकायची नाही. सगळी दारं बंद आणि हिची मान फटीतून बाहेर. "मी बघलंय नाय पोलीस कधी जवळसून," म्हणायची. मला राग यायचा. राग कसला, जीव जायचा माझा. एकदा मी तिला विहिरीवर धरलं आणि बजावलं, "सुले, थाळी ऐकलीस की दार लाव. सुटकेचे ठोके पडेपर्यंत उघडायचं नाही. कुणीही हाक मारू दे. मी मारली तरी नाही. माझ्या मानेवर बंदूक ठेवून ते मला हाक मारायला लावतील, मग काय करशील?" ती म्हणाली, "तुझी मान? ती धरूक पोलिसाक दोन हात पुरे पडूचे नाय गो," आणि हसली.

म्हणून मी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. इथं चुकले मी. बाकीचं सगळं पुढचं आहे.

एका दुपारी बैठ्या चाळीतल्या बायकांना सांगून ठेवलं आणि थाळी वाजवली. मग खाली जाऊन सुलूचं दार ठोकलं. "सुले, आग लागली गो, उघड!" तिनं लगेच उघडलं. मी म्हटलं, "मेलीस. पोलीस असंच सांगणार." बायका खिदळल्या. आठ दिवसांनी परत. या खेपेला आगीला बधली नाही. मग मी रडका आवाज काढून म्हटलं, "सुलू, दत्ताराम मिलमध्ये पडला गो, पट्ट्यात हात गेला त्याचा!" आतून भांडं पडल्याचा आवाज आला. दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला होता. मी म्हटलं, "मेलीस, परत मेलीस." त्या दिवशी मात्र ती हसली नाही. खूप रडली. नंतर पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आता बघ. आता तू छाती पिटून मेलंस तरी मी काय उघडूचंय नाय."

मी खूश झाले. शिकली, म्हटलं.

मृणाल विचारते, आजी, तेव्हा वादळाचा इशारा कसा मिळायचा? कसा मिळायचा म्हणजे, मिळायचा की. बंदरावर बावटा चढायचा. कोळ्यांना समुद्राच्या रंगावरून कळायचं. पेपरातही खाली कोपऱ्यात हवेचा अंदाज असायचा, बारीक टायपात. त्या सकाळच्या पेपरातही असला पाहिजे. मी बोट ठेवून मोर्चा शोधला आणि पेपर घडी करून फडताळात घातला. मिलचा भोंगाही होता, अख्ख्या गिरणगावाला उठवणारा, पण तो पाळीचा. आमच्यावर संकट यायचं ते नाक्यावरून, खाकी कपड्यांत. मी आयुष्यात समुद्राकडे तोंड करून पहारा दिला नाही. माझं तोंड सदा नाक्याकडे.

ती दुपार आठवते ती वासानं. बैठ्या चाळीत दोन-तीन घरी भाजण्या चालल्या होत्या. वारा मेलेला. माडाची झावळी हलत नव्हती. अंगणातले कावळे सकाळपासून कुठं गेले होते कोण जाणे. हिराबाई कोळीण आली, वरळीच्या कोळीवाड्यातून रोज यायची ती. पण टोपली रिकामी, आणि बाई धापा टाकत.

"बाय, दर्या फिरलाय," ती म्हणाली. "बावटा लावलाय सकालधरनं. होऱ्या सगल्या किनाऱ्यावर वढल्यात. ह्या पत्र्याखाली बसू नका. पोराबालांना घेऊन दगडी साळंत जा."

रस्त्यापलीकडे मुलींची दगडी शाळा होती, जाड भिंतींची. दोन मिनिटांचं अंतर. सुलू उंबऱ्याच्या आतच शेगडी फुंकत बसली होती. म्हणाली, "हिराबाय, बांगडो गावाक नाय म्हणान दर्याक बोल लावतंस?" सगळ्या हसल्या. मीही हसले, वरून, गॅलरीतून.

"हास," हिराबाई म्हणाली. "दर्या हासत नाय."

त्यानंतर किती वेळ गेला? एक डाळ भाजून होईल एवढा. माडांच्या वर आभाळ एकदम काळवंडलं, दगडी पाटीसारखं. आणि त्या काळ्यातून एक सोंड खाली उतरली. हत्ती पाणी प्यायला सोंड खाली सोडतो तशी. बारीक, जरा तिरकी, हलत हलत. आधी समुद्रावर होती. मग वाडीतला एक माड मुळासकट उठला. वाऱ्यानं मोडला असं नाही, उठला, कुणी भाजी उपटावी तसा, आणि तेव्हा आवाज आला. मिलची सगळी यंत्रं एकदम आपल्याकडे चालत यावीत तसा.

मी काय केलं? माझ्या हाताला एकच गोष्ट येत होती. मी थाळी वाजवली.

न थांबता वाजवली, जीव खाऊन वाजवली. आणि माझ्या डोळ्यांदेखत बैठ्या चाळीची दारं खटाखट लागली. एक, दोन, तीन, चार. ज्या बायका त्या विचित्र उजेडाला बघायला अंगणात आल्या होत्या, त्याही पोरं ओढत आत पळाल्या. पत्र्याखाली. कड्या घातल्याचे आवाज मला वरपर्यंत आले. माझ्या थाळीनं मी शंभर माणसं पत्र्याखाली कोंडली.

थाळी टाकून जिना उतरले. उतरले का पडले, आठवत नाही. दारं बडवत सुटले, "बाहेर या! पोलीस नाहीत, वादळ आहे, शाळेत चला!" काही उघडली. माझ्या ओरडण्यापेक्षा पत्र्याच्या थडथडण्यानं उघडली असतील. बायका पळाल्या. हिराबाई एकेकीला धरून रस्त्यापार ढकलत होती. मी शेवटच्या दाराशी पोचले.

"सुले, उघड! वादळ आलंय!"

आतून तिचा आवाज आला. खालून आला, जमिनीलगत. म्हणजे ती शिकवल्याप्रमाणे भिंतीला चिकटून आडवी पडली होती. आणि हसत होती.

"वळाखलंय गो तुका! आग झाली, घोव पडलो, आता वादळ काढलंस?"

"सुले, तुझ्या पाया पडते, खरं आहे!"

"माका ठावक आसा, तू अशीच म्हणतलंस. जा गो, सुटकेची थाळी वाजव बेगीन. भाजणी करपतली माझी."

मी दारावर डोकं आपटलं. खरंच आपटलं, ही इथं खूण आहे. मी तिच्या आईची शपथ घातली, देवाची घातली. जे जे म्हणायचं ते सगळं मी त्या दोन दुपारी खेळात म्हणून बसले होते. रडणंसुद्धा. एक शब्द शिल्लक नव्हता माझ्याकडे. कडी मजबूत होती, मीच दत्तारामाला सांगून नवी बसवून घेतली होती. आणि मग कुणीतरी माझा दंड धरला. हिराबाईच ती. मला ओढलं तिनं, कोळणीच्या हाताची ताकद ती. मी दार सोडलं.

सोडलं. तिनं ओढलं हे खरं, पण माझी बोटं मीच उघडली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शाळेच्या भिंतीआड आम्ही किती वेळ होतो? तांब्याभर पाणी पिऊन व्हावं, तेवढाच असेल. बाहेर आलो तर लख्ख ऊन पडलेलं. खरं सांगते, ऊन. आमची दुमजली चाळ उभी होती, नुसती कौलं गेलेली. बैठ्या चाळीचा अर्धा पत्रा पार रस्त्याच्या पलीकडे. आणि शेवटच्या खोलीची भिंत आत पडलेली. तीच, खिडकीपासून लांबची, जिला चिकटून पडायचं मी शिकवलं होतं.

खोलीच्या बाकीच्या भागात काही म्हणजे काही पडलं नव्हतं हो. मधोमध उभी असती तर? शेगडीपाशी असती तर? फडताळातले डबेसुद्धा हलले नव्हते. शेगडीवरची कढई तशीच, आणि भाजणी करपली नव्हती. खमंग वास येत होता.

दत्ताराम मिलमधून धावत आला. कापूस डोक्यात तसाच. संध्याकाळी सगळं उरकल्यावर त्यानं मला एकच विचारलं, "वैनी, ती शेवटाक काय बोलली?" मी म्हटलं, "काही नाही रे." काय सांगणार होते? तुझी बायको हसत होती, कारण मी तिला शिकवलं होतं की मी खोटं बोलते? तो पुढच्याच महिन्यात गावाला गेला तो परत आला नाही. आला असता तर सांगितलं असतं का? नसतं सांगितलं.

आणि कुणी मला बोल लावला नाही. हे सर्वांत वाईट. बायका म्हणाल्या, "थाळी वाजवलीस म्हणून जागं झालो, नाहीतर झोपेत गेलो असतो." चाळकमिटीनं माझं नाव घेऊन आभार मानले. एकीनं दिवाळीत मला चकल्या आणून दिल्या. मी त्या कावळ्यांना घातल्या.

पुढे राज्य झालं. काय ती रोषणाई, काय ती माणसं रस्त्यावर, कोणी कुणाला पेढे भरवतंय. चाळीत बायकांनी थाळ्या बडवल्या, आनंदानं. "शेवंता, तू वाजव गो, तुझा मान!" म्हणून मला ओढलं. मी ताप आलाय म्हणून पांघरूण घेऊन पडले. जे गोळीला बळी पडले त्यांना हुतात्मे म्हणतात, त्यांच्यासाठी चौकात दगड उभा केला, फुलं वाहतात. वाहावीत. माझीही मान तिथं खाली होते. पण आमची सुलू कुठल्या यादीत? ती गोळीला भिऊन वादळात मेली. असल्या माणसांचा दगड नसतो. त्या भिंतीवरही ‘झालाच’ लिहिलेलं होतं. पडली तेव्हा त्यातला ‘च’ एका तुकड्यावर सबंध राहिला होता.

मधे त्या मोठ्या आजाराच्या साली, सगळं बंद होतं तेव्हा, एका संध्याकाळी सगळ्या मुंबईनं गॅलऱ्यांत येऊन थाळ्या वाजवल्या. मुलगा म्हणाला, आई, चल बाहेर. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले. बादली भरून वाहिली तरी बसूनच होते.

मागच्या आठवड्यात खाली सोसायटीच्या हॉलमध्ये एक तरुण मुलगी आली होती, संकटात काय करावं ते शिकवायला. चांगली होती पोर. म्हणाली, वादळात खिडकीपासून लांब, पक्क्या घरात, अफवांवर विश्वास ठेवू नका, आणि अधूनमधून सराव करत राहा. शेवटी म्हणाली, कुणाला काही विचारायचंय? मी काठी वर केली. म्हटलं, "बाई, सराव फार झाला आणि मग खरं आलं, तर दारामागच्या माणसाला ते खरं आहे हे कसं कळायचं?"

ती गोड हसली. म्हणाली, "आजी, खरं असेल तेव्हा मेसेजमध्ये ‘चाचणी’ हा शब्द नसेल."

मी बसले खाली. तिचं काय चुकलं? तिला ती दुपार कुठं ठाऊक?

परवा मृणालनं मला दारातून आणून परत खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. डाळ जराशी जास्तच लाल झाली होती, ती हळहळली. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला, या खेपेला साधासा, टिंग करून. तिनं वाचून दाखवलं, "हे बघ, चाचणी पूर्ण झाली. संपलं, आजी." आणि झारा घेऊन धने भाजायला लागली.

संपलं. त्यांच्याकडे संपल्याचं सांगायची सोय आहे.

ती थाळी माझ्याकडे आहे अजून. माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली, लाटण्याच्या मारानं पोचे पडलेली. त्या दिवशी ऊन पडल्यावर सुटकेचे तीन ठोके द्यायचे राहिले. कुणाला सुचणार होतं? पण राहिले ते राहिलेच. ते पडेपर्यंत उघडायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं, आणि या खेपेला ती अगदी शिकवल्यासारखी वागली. कधी वाटतं, मृणालला सांगून ती थाळी खाली काढून घ्यावी आणि एकदा द्यावेत ते ठोके. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. मग वाटतं, दिले, आणि कुठं काहीच उघडलं नाही, तर?